क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग: खात्रीच्या संकेतस्थळाच्या आडून होणारा हल्ला

आपण नेहमीच्या, खात्रीच्या संकेतस्थळावर जातो. पत्ता बरोबर असतो, कुलपाची खूण दिसते आणि पानही ओळखीचे असते. तरीही त्या पानात कोणा तिसऱ्यानेच पेरलेली आज्ञा आपल्या संगणकावर चालू शकते व आपल्या नकळत आपल्याच नावाने कामे उरकू शकते. संकेतस्थळांच्या सॉफ्टवेअरमधील ज्या दोषामुळे हे घडते त्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. एक्सएसएस या संक्षिप्त नावानेही तो ओळखला जातो.

हा दोष नवा नाही. त्याचे नामकरण होऊन पाव शतक उलटले आहे आणि त्यावरील उपायही ज्ञात आहेत. असे असूनही अमेरिकेतील मायटर संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वांत धोकादायक २५ सॉफ्टवेअर दोषांच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला होता.

भारतात या विषयाचा विचार करताना बेंगळुरूचे नाव अपरिहार्यपणे येते. हे शहर देशाच्या सॉफ्टवेअर उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे. देशातील पहिले सायबर गुन्हे पोलीस ठाणेही २००१ मध्ये येथेच स्थापन झाले. संगणकातील नोंदीवरून माणसाला दोषी ठरवणे किती घातक ठरू शकते, याचा कटू अनुभव २००७ मध्ये याच शहरातील एका अभियंत्याला आला. त्याचा तपशील पुढे दिला आहे.

दोषाचे स्वरूप

छापखान्यात खिळे जुळवून मजकूर छापला जात असे, त्या काळाचे उदाहरण घेऊ. संपादक हस्तलिखिताच्या समासात 'हा मथळा ठळक करा', 'येथे चौकट घाला' अशा सूचना लिहीत. जुळारी त्या सूचना पाळी, पण छापत नसे. आता समजा, एखाद्या वाचकाने 'वाचकांचा पत्रव्यवहार' या सदरासाठी पाठवलेल्या पत्रातच संपादकाच्या पद्धतीने एक सूचना लिहिली आणि जुळाऱ्याने तीही संपादकाचीच समजून पाळली, तर काय होईल? अंक वृत्तपत्राचाच राहील, पण त्यातील आज्ञा परक्याची असेल.

संकेतस्थळाच्या पानात नेमके हेच घडते. पानाचा मजकूर आणि तो कसा दाखवावा याच्या सूचना एकाच प्रवाहात ब्राउझरकडे येतात. कोनी कंसात लिहिलेले शब्द म्हणजे सूचना आणि उरलेला तो मजकूर, एवढाच फरक ब्राउझरला कळतो. वाचकाने पाठवलेल्या मजकुरातील कोनी कंस सॉफ्टवेअरने निष्प्रभ न करता तसेच पानात जाऊ दिले, तर ब्राउझर त्यांना संकेतस्थळाचीच आज्ञा मानतो.

नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा ब्राउझरमध्ये आणल्यानंतर अशा आज्ञांचे सामर्थ्य फार वाढले. एका संकेतस्थळाच्या स्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचता येऊ नये, असा संरक्षक नियम ब्राउझरमध्ये आहे. परंतु परकी स्क्रिप्ट संकेतस्थळाच्या स्वतःच्या पानातूनच आली, तर हा नियम तिला अडवू शकत नाही. वाचकाने त्या संकेतस्थळावर लॉगइन केलेले असेल, तर तो स्वतः जे करू शकतो ते बहुतेक सर्व ती स्क्रिप्टही करू शकते.

कुलपाच्या खुणेचा येथे उपयोग होत नाही. संकेतस्थळ आणि वाचक यांच्यामधील वाटेवर कोणी मजकूर वाचू अथवा बदलू नये, एवढीच हमी ती खूण देते. मूळ पानातच दोष असेल, तर तो दोषही तितक्याच सुरक्षितपणे वाचकापर्यंत पोहोचतो.

नाव आणि प्रकार

जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अभियंत्यांनी 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' ही संज्ञा योजली. २ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट समन्वय केंद्राने याविषयी जाहीर इशारा दिला. पानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेशी गल्लत होऊ नये म्हणून पुढे एक्सएसएस हे संक्षिप्त रूप रूढ झाले.

या दोषाचे तीन मुख्य प्रकार मानले जातात.

पहिला साठवलेला प्रकार. हल्लेखोराचा मजकूर संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात जतन होतो आणि ते पान उघडणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचतो. हा प्रकार सर्वांत घातक समजला जातो.

दुसरा परावर्तित प्रकार. आज्ञा एखाद्या दुव्यातच दडवलेली असते. वाचकाने तो दुवा उघडला की संकेतस्थळ ती आज्ञा आरशाप्रमाणे पानात परत पाठवते. शोधाच्या चौकटीत लिहिलेला शब्द निकालाच्या पानावर जसाच्या तसा दाखवणारी संकेतस्थळे याला अनेकदा बळी पडली आहेत.

तिसरा प्रकार ब्राउझरमध्येच घडतो. सर्व्हरकडून आलेले पान निर्दोष असते, परंतु पानातील मूळ स्क्रिप्टच पत्त्यातील एखादा भाग न तपासता पानात घालते.

ऑर्कुटवरील साथ

या दोषाचा उपयोग करून आपोआप पसरणारा 'वर्म' तयार करता येतो, हे ४ ऑक्टोबर २००५ रोजी जगाला दिसले. अमेरिकेतील १९ वर्षांच्या सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेस या संकेतस्थळावरील आपल्या पानात एक स्क्रिप्ट घातली. ते पान पाहणाऱ्याच्या नावाने सॅमीला मैत्रीची विनंती जाई आणि तीच स्क्रिप्ट पाहणाऱ्याच्या पानातही उतरे. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खाती तिच्या कचाट्यात सापडली. या प्रकरणी २००७ मध्ये त्याला तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली.

भारतीयांना याची झळ लागली ती ऑर्कुटवर. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले गुगलचे हे संकेतस्थळ ब्राझील आणि भारत या दोन देशांत विशेष लोकप्रिय होते. डिसेंबर २००७ मध्ये नववर्षाच्या शुभेच्छा देणारा पोर्तुगीज भाषेतील एक संदेश स्क्रॅपबुकात येऊ लागला. त्यावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. संदेश नुसता पाहिला, तरी पाहणाऱ्याचे खाते एका गटाचे सदस्य होई आणि तोच संदेश त्याच्या सर्व मित्रांना जाई. काही तासांत लाखो खाती या साखळीत ओढली गेली. गुगलने लवकरच हा दोष दूर केला.

पुढे २५ सप्टेंबर २०१० रोजी, शनिवारी, 'शुभ शनिवार' अशा अर्थाच्या पोर्तुगीज संदेशाने ऑर्कुटवर पुन्हा तसाच धुमाकूळ घातला. त्याच आठवड्यात, २१ सप्टेंबर रोजी, ट्विटरवरही अशाच दोषातून संदेशांचा पूर आला होता. तेथे संदेशावरून माउस फिरवणे पुरेसे होते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले.

नोंद खरी, माणूस निर्दोष

ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बेंगळुरूतील एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर टाकल्याचा आरोप त्याच्यावर होता. आयपी पत्त्यावरून इंटरनेट सेवा कंपनीने जो ग्राहक कळवला, तो हा तरुण होता. प्रत्यक्षात कंपनीने दिलेला तपशील चुकीचा होता. हे सिद्ध होईपर्यंत या निरपराध तरुणाला सुमारे ५० दिवस पुण्याच्या येरवडा कारागृहात काढावे लागले.

या प्रकरणाचा क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगशी संबंध नव्हता. तेथे नोंद जुळवण्यातच चूक झाली होती. परंतु त्यातून पुढे आलेला प्रश्न आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. एक्सएसएसच्या हल्ल्यात संदेश बळी पडलेल्या व्यक्तीच्याच संगणकावरून, तिच्याच आयपी पत्त्यावरून आणि तिच्याच खात्यातून जातो. सेवा कंपनीने अगदी अचूक तपशील दिला, तरीही तो निर्दोष माणसाकडेच बोट दाखवील.

म्हणून अशा प्रकरणात केवळ खाते आणि आयपी पत्ता यांवर विसंबून चालत नाही. तोच मजकूर थोड्या वेळात अनेक खात्यांतून गेला आहे काय, संबंधित व्यक्तीने त्यापूर्वी कोणते पान उघडले होते, आणि त्या पानाच्या साठवलेल्या मजकुरात एखादी स्क्रिप्ट दडलेली आहे काय, हे तपासावे लागते. यासाठी संकेतस्थळाकडील मूळ नोंदी जपून ठेवणे अत्यावश्यक असते.

प्रकाशनाच्या सॉफ्टवेअरला धोका अधिक का

वर्तमानपत्रे, महाविद्यालये, सहकारी संस्था, नगरपालिका यांची बहुसंख्य संकेतस्थळे आज तयार प्रकाशन-सॉफ्टवेअरवर चालतात. त्यांपैकी द्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी आणि जुमला २००५ मध्ये उपलब्ध झाले.

अनेकांनी लिहावे आणि ते लगेच सर्वांना दिसावे, हेच या सॉफ्टवेअरचे प्रयोजन आहे. ठळक अक्षरे, दुवे, चित्रे यांची मुभा लिहिणाऱ्याला द्यावीच लागते. त्यामुळे सर्वच कोनी कंस काढून टाकता येत नाहीत. कोणते ठेवावे आणि कोणते गाळावे, हे ठरवणारी चाळण लिहावी लागते. या चाळणीतील बारीकसे छिद्रही हल्लेखोराला पुरते.

दुसरे कारण असे की, वाचकांच्या प्रतिक्रिया प्रकाशित करण्यापूर्वी संपादक अथवा व्यवस्थापक त्या स्वतः वाचतो. म्हणजे संकेतस्थळाचे सर्वाधिकार ज्याच्या हाती आहेत, नेमका तोच परका मजकूर सर्वांत आधी आपल्या ब्राउझरमध्ये उघडतो.

देवनागरी, बाइट आणि २०१५ चा एप्रिल

वर्डप्रेसमध्ये एप्रिल २०१५ मध्ये लागोपाठ उघड झालेले दोन दोष या संदर्भात उद्बोधक आहेत. मराठीत प्रकाशन करणाऱ्यांना ते सहज समजण्यासारखे आहेत.

यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे हा शब्द १५ बाइटचा होतो. इमोजीसारख्या चिन्हांना चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या माहितीसाठ्यातील 'यूटीएफ-८' नावाची जुनी व्यवस्था मात्र तीन बाइटपर्यंतचीच चिन्हे साठवू शके. देवनागरी तिच्यात बसत असे, पण इमोजी बसत नसे.

चार बाइटचे चिन्ह आले की काही मांडण्यांत माहितीसाठा त्या ठिकाणीच मजकूर तोडत असे आणि उरलेला भाग निमूटपणे टाकून देत असे. वर्डप्रेसची चाळण संपूर्ण मजकूर तपासून तो निर्धोक ठरवी, परंतु प्रत्यक्षात साठवला जाई तो अर्धवट तुटलेला मजकूर. उघडे राहिलेले अवतरणचिन्ह पानातील पुढच्या मजकुराचा अर्थच बदलून टाकी. हा दोष २१ एप्रिल २०१५ रोजी वर्डप्रेस ४.१.२ या आवृत्तीत दुरुस्त करण्यात आला.

लगेचच फिनलंडमधील संशोधक युको प्युन्योनेन यांनी तुटलेल्या मजकुराचाच दुसरा मार्ग दाखवला. प्रतिक्रियेसाठी माहितीसाठ्यात ६५,५३५ बाइटची जागा होती. देवनागरीच्या हिशेबाने ही २१,८४५ चिन्हे होतात. त्याहून लांब प्रतिक्रिया तिच्या शेवटाकडून कापली जाई आणि पुन्हा तोच परिणाम होई. व्यवस्थापकाने लॉगइन केलेल्या स्थितीत ती प्रतिक्रिया पाहिली, तर स्क्रिप्ट त्याच्या अधिकारात नवा व्यवस्थापक निर्माण करू शके, परवलीचा शब्द बदलू शके आणि सर्व्हरवर हवी ती आज्ञावलीही चालवू शके. २७ एप्रिल २०१५ रोजी ४.२.१ ही दुरुस्त आवृत्ती आली.

दोन्ही दोषांचा धडा एकच आहे. तपासलेला मजकूर आणि वाचकापर्यंत पोहोचणारा मजकूर यांत मधल्या कोणत्याही टप्प्यावर फरक पडत असेल, तर आधीच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

विकिपीडियाने काढलेला मार्ग

कोणालाही संपादन करू देणाऱ्या विकिपीडियापुढेही हा प्रश्न होताच. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. बेंगळुरू येथे कार्यालय असलेल्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने २०१२ पासून भारतीय भाषांतील विकिपीडिया प्रकल्पांना साहाय्य करण्याचा उपक्रम चालवला असून त्यात मराठीचाही समावेश आहे.

विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात सामान्य संपादकाच्या लेखनातून स्क्रिप्ट जाऊ दिली जात नाही. परंतु सर्व वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या काही सामायिक स्क्रिप्ट असतात आणि त्या बदलण्याचा अधिकार पूर्वी प्रत्येक प्रचालकाकडे होता. एखाद्या प्रचालकाचे खाते चोरीस गेले, तर लाखो वाचकांपर्यंत परकी आज्ञा पोहोचू शकली असती. म्हणून २०१८ मध्ये हा अधिकार काढून घेऊन एका वेगळ्या, मोजक्या सदस्यांच्या गटाकडे सोपवण्यात आला. माणसावरील अविश्वासातून हे घडले नाही. चुकीची व्याप्ती मर्यादित राहावी, हा त्यामागील हेतू होता.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी काय करावे

मुख्य उपाय मजकूर पानात घालतानाच करावयाचा असतो. वाचकाकडून आलेल्या मजकुरातील कोनी कंस व अवतरणचिन्हे सांकेतिक रूपात बदलली, की ब्राउझर ती नुसती दाखवतो, पाळत नाही. मजकूर पानात, दुव्यात की स्क्रिप्टमध्ये जाणार, यानुसार हे रूपांतर वेगवेगळे करावे लागते.

लॉगइनची ओळख ठेवणारी कुकी स्क्रिप्टला वाचता येणार नाही अशी ठेवावी. ही सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २००२ मध्ये प्रथम आली आणि पुढे सर्व ब्राउझरनी ती स्वीकारली. पानावर कोणत्या ठिकाणाहून आलेल्या स्क्रिप्ट चालाव्यात, हे ब्राउझरला आधीच कळवणारे 'कन्टेन्ट सिक्युरिटी पॉलिसी' हे धोरणही लागू करावे. हे उपाय दुसऱ्या फळीतील संरक्षणासाठी आहेत. मूळ दोष दूर करण्याला ते पर्याय ठरत नाहीत.

सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे ही सर्वांत साधी आणि सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट आहे. वर्डप्रेसमध्ये ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून सुरक्षाविषयक दुरुस्त्या आपोआप बसवण्याची सोय आहे. ती बंद करू नये. न वापरली जाणारी प्लगइन आणि थीम काढून टाकावीत. मे २०१५ मध्ये वर्डप्रेसच्या एका थीममध्ये उदाहरणादाखल ठेवलेल्या, कोणीही न वापरलेल्या फाइलमुळेच असंख्य संकेतस्थळे असुरक्षित ठरली होती.

प्रत्येकाला गरजेपुरताच अधिकार द्यावा. वर्डप्रेसच्या नेहमीच्या मांडणीत व्यवस्थापक आणि संपादक या दोघांना चाळणीविना कोणताही मजकूर टाकता येतो, 'लेखक' दर्जाच्या खात्याला मात्र येत नाही. केवळ लेख लिहिणाऱ्याला लेखकाचेच खाते पुरेसे आहे.

वाचकांनी घ्यावयाची काळजी

हा दोष मुळात संकेतस्थळाचा असल्याने वाचकाच्या हाती मर्यादित उपाय आहेत, पण ते निरुपयोगी नाहीत. ब्राउझर अद्ययावत ठेवावा. बँकेचे व्यवहार स्वतंत्र ब्राउझरमध्ये करावेत आणि काम झाल्यावर लॉगआउट करावे. संदेशातून आलेल्या लांबलचक दुव्यावरून बँकेच्या किंवा शासकीय संकेतस्थळावर जाऊ नये, पत्ता स्वतः लिहावा. कोणाच्या सांगण्यावरून पत्त्याच्या चौकटीत एखादी आज्ञा चिकटवू नये.

आपल्या नावाने आपण न लिहिलेला मजकूर गेल्याचे आढळल्यास तो घाईने पुसून टाकू नये. प्रथम दिनांक व वेळ दिसेल अशी पडद्याची प्रतिमा जतन करावी. त्यानंतर सर्व उपकरणांवरून लॉगआउट करून परवलीचा शब्द बदलावा, संकेतस्थळाला लेखी कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा.

कायदा आणि यंत्रणा

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकयंत्रणेत शिरणे किंवा तिची हानी करणे, हे कलम ४३ खाली भरपाईस पात्र कृत्य आहे. तेच अप्रामाणिकपणे अथवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा परवलीचा शब्द वा ओळख कपटाने वापरण्याविरुद्ध कलम ६६-क हे २००९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने इंग्रजी मूळ कायद्यात '६६ सी' म्हणून समाविष्ट झाले.

दोष शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि अभियंत्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हेतू चांगला असला, तरी मालकाच्या संमतीविना केलेली चाचणी अडचणीत आणू शकते. आढळलेला दोष संबंधित संस्थेला अथवा जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेल्या 'सर्ट-इन' या राष्ट्रीय यंत्रणेला कळवणे, हा योग्य मार्ग होय. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिची माहिती देणे बंधनकारक करण्यात आले.

वाचकाच्या मजकुराला मजकूरच मानावे, त्याला कधीही आज्ञेचा दर्जा देऊ नये, या एका नियमात या साऱ्याचे सार आहे. नियम एका ओळीचा असला, तरी तो पानोपानी आणि चौकटीगणिक पाळावा लागतो. एके ठिकाणी तो चुकला, तर त्याची किंमत संकेतस्थळाच्या मालकाआधी, त्यावर विश्वास ठेवून आलेल्या वाचकाला मोजावी लागते.